घरी माणूस ठेवला, पण काळजी नीट होतेय का? आमचे साडेतीन महिने

साडेतीन महिन्यांनी आज पहिल्यांदा निवांत बसलेय, म्हणून लिहून टाकते. हॉस्पिटलच्या बाकड्यावर बसून मी मोबाईलवर जे शोधत होते ते सलग असं कुठेच सापडलं नाही, जे सापडलं ते सगळं 'प्रेमळ सेवा, २४ तास उपलब्ध' टाइपचं.

२२ डिसेंबरला पहाटे बाबा बाथरूममध्ये घसरले. वय ७९. खुब्याचं हाड मोडलं, दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं, ते व्यवस्थित झालं. मग ३१ तारखेला, बुधवारी, राउंडला आलेले डॉक्टर जाता जाता म्हणाले, "शनिवारी घरी न्या, चोवीस तास माणूस ठेवा." माणूस म्हणजे कोण, त्याला काय काय यायला हवं, हे विचारेपर्यंत ते पुढच्या खाटेवर पोचले होते.

त्या दिवशी सहा एजन्स्यांना फोन केले आणि सहाही ठिकाणी मी एकच वाक्य बोलले, "पेशंट आहे, माणूस पाहिजे." पलीकडून एकच प्रश्न, बारा तास की चोवीस? ही माझी पहिली चूक. आमच्या फिजिओथेरपिस्ट मॅडमनी एक कागद हातात दिला, त्याला बार्थेल इंडेक्स म्हणतात, १९६५ पासून वापरात आहे. त्यात दहा गोष्टी असतात, खाणं, अंघोळ, दाढी-केस-दात, कपडे घालणं, शी आणि लघवीवरचा ताबा, संडासला जाणं, खाटेवरून खुर्चीत येणं, चालणं, जिने. माणूस स्वतः किती करू शकतो त्याचे मार्क, पाचच्या पटीत, एकूण शंभरापैकी. बाबांना ४५ पडले. जन्मभर दुसऱ्यांचे पेपर तपासलेला माणूस, त्यांना ते ४५ फार लागले, दोन दिवस येईल त्याला सांगत होते. पण त्या कागदामुळे दुसऱ्या दिवशीचे फोन वेगळे झाले. "स्वतः खातात, कपड्याला मदत लागते, उठवायला एक माणूस लागतो, रात्री दोनदा तरी लघवीला उठतात, जखमेचं ड्रेसिंग आठवड्यातून दोनदा." हे ऐकल्यावर दोन एजन्स्यांनी सरळ सांगितलं की आमच्याकडे असा माणूस नाहीये, आणि याबद्दल मी त्यांची आजही आभारी आहे.

शनिवारी ३ जानेवारीला बाबा घरी आले आणि त्याच संध्याकाळी पहिल्या एजन्सीची माणसं सुरू झाली, सकाळी आठ ते रात्री आठ एक, रात्री आठ ते सकाळी आठ दुसरा. एक महिन्याचं डिपॉझिट, सात दिवसांची नोटीस, खाडा झाला तर 'शक्यतो' बदली माणूस. हा 'शक्यतो' मी घाईत वाचला नाही.

कागदपत्रांचं आधी सांगते. रात्रीसाठी त्यांनी 'नर्स' पाठवली होती, तिचा दर साध्या केअरटेकरच्या दीडपट. नर्सिंग कौन्सिलचा रजिस्ट्रेशन नंबर मागितला तर तीन दिवस "पाठवतो, पाठवतो", आणि चौथ्या दिवशी उत्तर आलं की ट्रेन्ड आहे पण रजिस्टर्ड नाही. म्हणजे दीडपट पैसे नुसत्या शब्दाचे. शिवाय आम्हाला रात्री नर्स लागतच नव्हती, ड्रेसिंगसाठी आठवड्यातून दोनदा अर्धा तास सिस्टर येऊन जाणं पुरेसं होतं, आणि तसं केल्यावर खर्च उतरला. नर्स वेगळी, केअरटेकर वेगळा. इंजेक्शन, ड्रेसिंग, नळीचं काम असेल तरच पहिली, बाकी उठवणं-बसवणं-अंघोळ याला दुसरा, आणि या कामात बऱ्याचदा तोच जास्त तरबेज असतो.

पोलीस पडताळणीचं पण तसंच. "झालीये" म्हणाले, कागद बघितला तर दोन वर्षांपूर्वीचा आणि पत्ता भलताच. मी नव्याने अर्ज केला, फोटो, ओळखपत्र, आत्ताचा आणि कायमचा पत्ता, आधी जिथे काम केलं तिथला एक फोन नंबर. उत्तर यायला २२ दिवस लागले, तोवर तो माणूस आमच्याकडून निघूनही गेला होता. तरी अर्ज पहिल्याच दिवशी टाका आणि पोचपावती जपून ठेवा.

तर आता मुख्य गोष्ट. पहिला आठवडा मी खूश होते. भिंतीवर एजन्सीने दिलेला छापील तक्ता, त्यात वेळेप्रमाणे रकाने, प्रत्येक रकान्यात बरोबरची खूण, खाली सही. भावाला फोटो काढून पाठवायचे, तो परगावी असतो, तोही खूश.

१४ तारखेला, बुधवारी, मला ऑफिसमधून लवकर सुटता आलं. घरी पोचले तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. बाबा झोपलेले, केअरटेकर मोबाईलवर, ते ठीक आहे, माणूस बसणारच की. मी सहज तक्त्याकडे बघितलं तर रात्री आठच्या गोळीसमोर खूण. दुपारी तीनला. मला आधी वाटलं मीच चुकीची ओळ बघतेय, बोट ठेवून परत बघितलं. रात्री आठची गोळी म्हणजे रक्त पातळ ठेवायची, खुब्याच्या ऑपरेशननंतर पायात गुठळी होऊ नये म्हणून देतात ती, आमच्या डॉक्टरांनी एकूण ३५ दिवस सांगितली होती. ही नक्की किती चुकलीये हे तक्त्यावरून कळणार नव्हतं, म्हणून डबा उघडून गोळ्या मोजल्या. घरी आणल्या तेव्हा २५ होत्या, ३ तारखेपासून १३ पर्यंत ११ रात्री झाल्या, म्हणजे उरायला हव्या होत्या १४. होत्या १७.

तीन गोळ्या चुकल्या होत्या आणि तक्त्यावर अकराच्या अकरा खुणा होत्या. आणि लाज वाटण्यासारखी गोष्ट म्हणजे त्यातल्या बहुतेक रात्री आठला मी घरातच होते, पलीकडच्या खोलीत.

का चुकल्या हे शोधताना कळलं की यात कोणी दुष्टपणा केला नव्हता. रात्री आठ ही गोळीची वेळ आणि तीच ड्युटी बदलायची वेळ. जाणाऱ्याला वाटायचं येणारी देईल, येणारीला वाटायचं देऊन गेला, कारण तक्त्यावर खूण आहेच. खूण आधीच करून ठेवायची कारण निघताना घाई असते. डॉक्टरांना त्याच दिवशी फोन केला, त्यांनी बाबांचे पाय बघून घेतले, पोटऱ्या सुजल्या नव्हत्या, चुकलेल्या गोळ्या भरून काढायला डबल देऊ नका म्हणाले, आणि वेळ नऊची करून दिली. हे सगळ्यांना सांगते आता, औषधाची कुठलीही वेळ ड्युटी बदलायच्या वेळेवर ठेवू नका, आणि आठवड्यातून एकदा पाकिटातल्या गोळ्या मोजा.

एकदा संशय आला की सगळंच दिसायला लागतं. १७ तारखेला बाबांना मोजे घालताना डाव्या टाचेवर लालसर डाग दिसला, नाण्याएवढा. सिस्टरने मागे सांगितलेलं आठवलं म्हणून बोटाने दाबून सोडला. साधी लाली असेल तर दाबल्यावर जागा क्षणभर फिकी पडते आणि मग परत लाल होते. ही फिकी पडलीच नाही. दाबून बघितली, परत दाबली, तशीच लाल. म्हणजे बेडसोअरची, पडून राहून होणाऱ्या जखमेची, पहिली पायरी, कातडी अजून फाटलेली नाही पण आत दुखावलीये. सिस्टरने येऊन अजून एक मोजमाप केलं, ब्रेडन स्केल, १९८७ पासूनचं, ६ ते २३ मार्क, जितके कमी तितका धोका, १८ किंवा खाली म्हणजे सावध. बाबा १५. तिने पोटरीखाली उशी अशी दिली की टाच हवेत अधांतरी राहील, आणि विचारलं, कूस किती वेळाने बदलतात? तक्त्यावर 'दर दोन तासांनी' होतं, बरोबरच्या खुणेसकट. बाबांना विचारलं तर म्हणाले, "रात्री कोणी हात लावत नाही गं मला." मी त्यांना दोन आठवड्यांत हे एकदाही विचारलं नव्हतं! तक्ता बघत होते, बाबांना विचारत नव्हते.

अंघोळीचंही तेव्हाच कळलं. तक्त्यावर पाच दिवस 'अंघोळ नको म्हणतात' असं लिहिलेलं. झालं असं होतं की मधे बदली म्हणून एका तरुण मुलीला पाठवलं होतं आणि बाबांना तिच्याकडून अंघोळ घालून घ्यायची लाज वाटत होती. साधी गोष्ट, पण त्यांना कोणी विचारलंच नव्हतं की तुम्हाला कोण चालेल. तेवीस दिवसांत आमच्याकडे सात वेगवेगळी माणसं आली. सातव्याला बाबांनी स्वतःचं नाव सांगायचं पण सोडून दिलं होतं.

तक्रार कशी केली ते सांगते. १४ला फोन केला, "बोलतो त्यांच्याशी". १५ला ईमेल केला, तारीखवार, तक्त्याचा दुपारी तीनचा फोटो जोडून, गोळ्यांचा हिशोब लिहून. फोटोवर वेळ असते, ते फार कामाला आलं. १९ला उत्तर, २१ला सुपरवायझर घरी, नव्या माणसाची ऑफर. मी नोटीस दिली, २५ जानेवारी शेवटचा दिवस. डिपॉझिट परत यायला ४७ दिवस लागले, १३ मार्चला आलं, तेही सात दिवसांचे कापून, का ते अजून कळलेलं नाही, आणि पाच ईमेल करून माझ्यात भांडायची ताकद उरली नव्हती. भाऊ म्हणाला तू फार संशय घेतेस. म्हटलं ये आणि तूच मोज गोळ्या. दोन दिवस बोललो नाही आम्ही. कॅमेऱ्याचा विषयही तेव्हाच निघाला. बाबांना विचारलं, ते म्हणाले, माझे कपडे बदलताना कोण बघणार आहे ते? विषय तिथेच संपला, आता फक्त बाहेरच्या दारावर आहे.

दुसरी एजन्सी निवडताना मी जरा वाचून घेतलं. अ‍ॅव्हेडिस डोनाबेडियन नावाच्या डॉक्टरांनी १९६६मध्ये दर्जा बघायच्या तीन जागा सांगितल्यात, साधनं-माणसं-कागद ही एक, प्रत्यक्ष काम कसं होतं ही दुसरी, आणि पेशंटला काय फरक पडला ही तिसरी. माझी सगळी शक्ती पहिल्या जागेवर खर्च झाली होती. इंग्लंडमध्ये घरी येऊन काळजी घेणाऱ्या संस्थांवर केअर क्वालिटी कमिशनची देखरेख असते, त्यांचे पाच प्रश्न आहेत: सेवा सुरक्षित आहे का, तिचा उपयोग होतोय का, आपुलकीने वागतात का, माणसाच्या गरजेप्रमाणे बदलतात का, आणि वरची मंडळी हे सगळं नीट चालवतात का. मी ते वहीत लिहिले आणि प्रत्येकासाठी फोनवर विचारता येईल असा एक साधा प्रश्न काढला. सगळ्यात उपयोगी ठरला तो हा, "गेल्या महिन्यात तुमच्याकडून कुठे काही चुकलं का, आणि मग तुम्ही काय केलं?" पाचपैकी चौघं म्हणाले, आमच्याकडे चुका होतच नाहीत. पाचव्या बाई थोडं थांबल्या आणि म्हणाल्या, "एक आजी उठताना पडल्या, आमच्या मुलीने खुर्चीचा ब्रेक लावला नव्हता. आता दोन महिन्यांतून एकदा सगळ्यांना परत उठवणं-बसवणं शिकवतो." त्यांनाच घेतलं.

त्या बाई करार करायच्या आधी घरी आल्या, पन्नास मिनिटं होत्या. माझ्याशी नंतर बोलल्या, आधी बाबांच्या शेजारी खुर्ची ओढून बसल्या आणि विचारलं, तुम्हाला काय म्हणून हाक मारलेली आवडेल, किती वाजता उठता, अंघोळीला बाई चालेल की पुरुषच हवा. बाबांनी तीन आठवड्यांचं सगळं साचलेलं सांगितलं. मग त्या बाथरूममध्ये गेल्या, पायपुसणं काढायला लावलं, कमोडशेजारी धरायची दांडी बसवा म्हणाल्या, खाटेची उंची बघितली, रात्रीच्या दिव्याचं बटण बाबांच्या हाताला येत नाही हे दाखवलं. जे त्यांची माणसं करणार नाहीत ते पण लिहून दिलं, इंजेक्शन नाही, ड्रेसिंग नाही, पैशाचे व्यवहार नाहीत.

२६ जानेवारीपासून दिवसाला एक दादा आणि रात्रीला एक मामा. पहिल्या दिवशी मी मुद्दाम रजा घेतली. आधीचा माणूस बाबांना काखेत हात घालून वर ओढायचा, बाबा कळवळायचे आणि मला वाटायचं ऑपरेशनमुळे दुखतंय. या दादांनी आधी बाबांना खाटेच्या कडेला आणलं, पाय जमिनीला टेकवले, चपला घातल्या, वॉकर समोर ठेवला, कमरेला रुंद पट्टा बांधला आणि म्हणाले, "बाबा, नाक पायाच्या बोटांच्या पुढे आणा, मी तीन म्हणेन तेव्हा तुम्ही उठायचं, मी नुसता धरतो." आणि बाबा उठले. स्वतः! फिजिओ मॅडमना व्हिडिओ दाखवला, बाबांना विचारून काढला होता, त्या म्हणाल्या असंच पाहिजे. माणूस निवडताना बायोडेटा बाजूला ठेवा आणि खाटेवरून खुर्चीत आणायला सांगा. दुसरं म्हणजे हात. ड्रेसिंग करताना सिस्टर आणि अंघोळीआधी दादा, दोघांचे हात धुताना मी सहज घड्याळ बघायचे, साबणाने ४० ते ६० सेकंद असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि स्वतः धुवून बघा, ४० सेकंद म्हणजे फार लांब वाटतात.

तक्ता आम्ही बदलला. बरोबरची खूण बंद, वेळ लिहायची, खरी. आठला बदलणारे दोघं पाच मिनिटं एकत्र थांबणार आणि बाबांच्या समोरच बोलणार, काय खाल्लं, शी झाली का, टाच कशी आहे, कुठली गोळी राहिलीये. मी आठवड्यातून एकदा वेळ न सांगता लवकर यायचे, पहिल्यांदा फार चोरट्यासारखं वाटलं, मग दादांनाच सांगून टाकलं की मी अशी येणार आहे, ते म्हणाले, "या की ताई, घर तुमचंय." टाचेची लाली सिस्टरच्या उशीमुळे आणि मामांच्या रात्रीच्या फेऱ्यांमुळे गेली.

माझ्याकडूनही चुका झाल्या, त्या लपवत नाही. फेब्रुवारीत मी दादांना हळूहळू घरची कामं सांगायला लागले, हे जरा आणा, ते जरा पुसा, आणि मला ऑफिसातून उशीर झाला की त्यांची बारा तासांची ड्युटी तेरा-चौदा तासांची व्हायची. एजन्सीच्या बाईंचा फोन आला, चिडल्या नव्हत्या पण स्पष्ट बोलल्या, दमलेला माणूस तुमच्या वडिलांना उचलणार आहे. मला ऐकताना राग आला. रात्री विचार केला तर त्यांचं बरोबर होतं. जादा तासांचे पैसे दिले, आणि मामांना सातलाच येता येईल अशी आठवड्यातून दोन दिवसांची सोय केली.

२९ मार्चला दुपारी चारला दादांचा फोन आला. दिवसा फोन आला की माझ्या पोटात गोळाच येतो. म्हणाले, "ताई, दुपारची बीपीची गोळी माझ्याकडून राहिली. दोनची होती, आत्ता लक्षात आलं. बाबांना सांगितलंय. डॉक्टरांना विचारून सांगता का काय करू?" डॉक्टरांनी सांगितलं आता द्या, उद्यापासून नेहमीच्या वेळी. घरी येऊन बघितलं तर तक्त्यात दोनच्या रकान्यात लिहिलेलं, 'विसरलो. ४.२० ला दिली', खाली सही. मी एजन्सीच्या बाईंना कळवायला फोन केला तर दादांनी माझ्याआधीच कळवलं होतं. पहिल्या एजन्सीच्या तेवीस दिवसांच्या तक्त्यात एकदाही 'विसरलो' असं लिहिलेलं नव्हतं.

११ एप्रिलला फिजिओ मॅडमनी परत मार्क दिले. बार्थेल ४५वरून ८०. खुर्चीतून उठून तीन मीटर जायचं, वळायचं, परत येऊन बसायचं अशी एक टेस्ट असते, जानेवारीत बाबांना ४३ सेकंद लागले होते, आता १९. बारा सेकंद किंवा जास्त लागले तर पडायचा धोका धरतात, म्हणजे अजून सुटका नाही, वॉकर राहणार. अडीच महिन्यांत आमच्याकडे एकूण तीनच चेहरे आले, दादा, मामा, आणि मामा चार दिवस गावी गेले तेव्हाचा बदली माणूस, ज्याला मामा आदल्या रात्री स्वतः सोबत घेऊन आले होते.

मागच्या शनिवारपासून रात्रीची ड्युटी बंद केली. जायच्या आधी मामांनी बाबांच्या उशाशी एक छोटी घंटा आणून ठेवली, लघवीला उठायच्या आधी वाजवायची म्हणून. पहिल्या रात्री ती सात वेळा वाजली, त्यातल्या पाच वेळा नुसतं मी येते का ते बघायला.